मदत हवी आहे : मेंदूतली आम्लता तपासायची टेस्ट नागपुरात कुठे होते?

तूरवाला :
नमस्कार मंडळी, अर्जंट आहे. अचानक छातीत धडधड, दरदरून घाम, श्वास पुरत नाही, आता मेलोच असं वाटतं. थोड्या वेळाने आपोआप उतरतं. ईसीजी, इको, थायरॉइड सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणतात टेन्शन घेऊ नका. टेन्शन कशाचं घेऊ? यंदा कापूसही बरा आहे. मोबाइलवर पाहिलं की मेंदूत आम्ल ओळखणारं काहीतरी असतं, ते बिघडलं की असं होतं. त्याची टेस्ट कुठे होते आणि पैसे किती, एवढंच सांगा. 'मन रमवा' छाप सल्ले नकोत.

आजीचा_बटवा :
सकाळी अनशापोटी पाण्यात चिमूटभर खायचा सोडा. आम्ल गेलं की धडधड गेली. आमच्या ह्यांना लगेच फरक पडला.

तूरवाला :
ताई, पोटाचं नाही हो.

पळसफूल :
वय? कधी होतं? गोळ्या चालू आहेत? चहा, खर्रा किती?

तूरवाला :
३४. कधीही होतं. खर्रा थोडाफार. टेस्टचं सांगा ना.

पळसफूल :
'कधीही'वरून काय कळणार? पहिल्यांदा कुठे झालं?

तूरवाला :
विहिरीत. पंपाचा फुटव्हॉल (पाइपाच्या तळाची झडप) काढायला उतरलो होतो. आता झोपेत गोधडी तोंडावर आली तरी होतं. कुटाराच्या (गुरांच्या चाऱ्याच्या) खोलीत होतं. एसटीच्या काचा बंद असल्या की होतं. त्याचा काय संबंध?

वऱ्हाडी_बाणा :
काहून उतरता भाऊ विहिरीत? सबमर्सिबल टाका अन् मोकळे व्हा. आमच्या इकडं फुटव्हॉल कोणी ठेवतच नाही आता राजेहो.

पळसफूल :
संबंध आहे. तुम्ही सांगितलेल्या सगळ्या जागा कोंदट आहेत. कार्बन डायऑक्साइड रक्तात साठला की त्याचं कार्बोनिक आम्ल होतं आणि मेंदू ती आम्लता ओळखून 'श्वास घे' म्हणतो. प्रत्येकाचंच असं चालतं. पॅनिक, म्हणजे असे अचानक भीतीचे झटके, असणाऱ्यांत हा इशारा जरा जास्तच हळवा असतो, चोर नसताना कुत्रं भुंकावं तसा. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ डोनाल्ड क्लाइन यांनी १९९३ मध्ये हेच मांडलं : गुदमरण्याचा खोटा इशारा. ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या हवेचा एक मोठा श्वास दिला तर अशा बऱ्याच रुग्णांना तिथल्या तिथे झटका येतो. तो प्रयोग संशोधनात करतात. दवाखान्यात त्याची टेस्ट नसते, नागपुरातही नाही आणि मुंबईतही नाही. पैसे वाचले म्हणा.

न्यूरोनवाला :
अर्धवट माहिती. मुख्य गोष्ट अमिग्डाला, म्हणजे मेंदूतला भीतीशी जोडलेला भाग. २००९ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या लोकांनी उंदरांवर दाखवलंय. एएसआयसी१ए नावाचं आम्ल ओळखणारं प्रथिन नसलेले उंदीर कार्बन डायऑक्साइडला कमी घाबरतात, आणि तेच प्रथिन नुसतं अमिग्डालात परत घातलं की भीती परत येते. विषय संपला.

पळसफूल :
संपला कसा? २०१३ मध्ये आयोवातच, दोन्ही बाजूंचा अमिग्डाला निकामी झालेल्या तीन माणसांना तोच ३५ टक्केवाला श्वास दिला. त्यातली एक बाई साप, कोळी कशालाच घाबरत नसे. तिघांनाही झटका आला. म्हणजे आम्ल ओळखणाऱ्या जागा आणखीही आहेत. उंदरांवरून माणसाचा सातबारा काढू नका.

न्यूरोनवाला :
तीन माणसांवरून तरी काढायचा का?

तूरवाला :
तुम्ही भांडा. मी काय करू ते सांगा.

धामणगावचा_पाहुणा :
माझ्याकडे अल्प्राझोलामची पट्टी कायम खिशात असते. मेडिकलवाला ओळखीचा आहे. जिभेवर ठेवली की थंड.

पळसफूल :
पाहुणे, ही सवय लागणारी गोळी आहे. दुसऱ्याला चिठ्ठीशिवाय सुचवू नका.

तूरवाला, विहिरीत डिझेल इंजिन उतरवलं होतं का?

तूरवाला :
हो, गाळ उपसायचा होता म्हणून टप्प्यावर ठेवलं होतं. चालू होतं. का?

पळसफूल :
अहो, हे आधी सांगायचं ना! मग तो पहिला इशारा खोटा नव्हताच. इंजिनाच्या धुरात कार्बन डायऑक्साइड असतो, कार्बन मोनॉक्साइडही असतो. पहिल्याची चाहूल मेंदूला लागते, दुसऱ्याची लागत नाही. माणूस न घाबरता बेशुद्ध पडतो. घाबरून वर आलात तेच बरं झालं. यापुढे चालू इंजिन विहिरीत नको आणि वर दोर धरणारा माणूस असल्याशिवाय उतरणं नको.

आता गोधडीत होतं तो मात्र खोटा भोंगा. त्यात तुम्ही भराभर श्वास घेता, उलट कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि रक्त आम्लाकडे नाही, अल्कलीकडे झुकतं. बोटांना, ओठांना मुंग्या येतात का?

तूरवाला :
येतात! मला वाटलं लकवा.

आजीचा_बटवा :
मुंग्यांना कागदी पिशवीत श्वास घ्यायचा. आणि सोडा चालू ठेवा.

पळसफूल :
ताई, पिशवी नको. खरंच दम्याचं किंवा हृदयाचं काही असलं तर जिवावर बेतेल. रक्ताची आम्लता फुप्फुसं आणि मूत्रपिंडं सांभाळतात, तिथे चिमूटभर सोड्याने काही होत नाही. श्वास हळू सोडायचा, आत घेण्यापेक्षा लांब.

तूरवाला, डॉक्टरांनी टेन्शन म्हणून नुसतंच पाठवलं? गोळी दिली नाही?

तूरवाला :
एस्सिटालोप्राम दिली होती. मळमळ झाली, बंद केली.

पळसफूल :
एवढ्या धाग्यानंतर हे! ती याच त्रासाची गोळी आहे. सुरुवातीला मळमळ, अस्वस्थता होते, गुण यायला काही आठवडे लागतात. या गटातल्या गोळ्यांनी कार्बन डायऑक्साइडने येणारा झटकाही सौम्य होतो, असं दिसलंय. म्हणजे तुमच्या त्या आम्लाच्या मुद्द्यावरच काम करते म्हणा. डॉक्टरांना मळमळीचं सांगा, ते डोस कमी करून सुरू करतील. सोबत सीबीटी नावाची समुपदेशनाची पद्धत आहे, तिचा चांगला उपयोग होतो. खर्रा सोडा. तंबाखूने धडधड वाढतेच.

तूरवाला :
बरं. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचारवाले रोज असतात का? गावातलं कोणी तिथे भेटलं तर?

पळसफूल :
वार दवाखान्यात फोन करून विचारा. तोवर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ लावा, फुकट आहे, मराठीत बोलतात. गावातलं कोणी भेटलं तर तेही दाखवायलाच आलेले असतील.

वऱ्हाडी_बाणा :
ते सगळं ठीक, पण भाऊ, पाच एचपी घेता की साडेसात? आमच्या मामाकडं पाचवाली पडून हाय.