एफएमएलच्या 'फील्ड'ला मराठीत काय म्हणता? क्षेत्र, रकाना, बाब की कलम?

कुडाळकर
मंडळी जरा मदत हवीय. आमच्याकडे नवीन पोरं लागलीत, कणकवली, सावंतवाडी, वेंगुर्ल्याकडची, हुशार आहेत पण टक्सीडो (बँकेसारखे व्यवहार चालवायला वेगवेगळे प्रोग्राम एकमेकांना जोडणारं सॉफ्टवेअर) कुणी नावालाही ऐकलेलं नाही. ऐकणार तरी कुठून म्हणा, ते बेल लॅब्समध्ये १९८३ साली सुरू झालं, तेव्हा यांचे आईबाप शाळेत असतील. काम असं आहे की एका बँकेची जुनी सिस्टीम टक्सीडोवर, सीमध्ये लिहिलेली, आणि नवा भाग वेबलॉजिक या सर्व्हरवर जावात, मधली सगळी देवाणघेवाण एफएमएल३२ च्या बफरमधून. एफएमएल म्हणजे टक्सीडोची माहिती पाठवायची पद्धत, बफर म्हणजे त्यातलं पाकीट नि फील्ड म्हणजे पाकिटातला माहितीचा एकेक तुकडा. मी मराठीत नोट्स काढायला बसलो आणि पहिल्याच ओळीत अडकलो. भाषांतरात 'फील्ड'ला 'क्षेत्र' लिहिलेलं दिसतं, पण आमचं उदाहरण पीककर्जाचं, सातबाऱ्यावरचं क्षेत्र हेच त्यातलं एक फील्ड. म्हणजे वाक्य होतं 'क्षेत्र या क्षेत्रात क्षेत्र हेक्टर-आरमध्ये भरावे'. पोरं हसतील नायतर पळतील.

खाडीकाठ
गपचूप रकानो म्हण, कित्याक डोक्याक ताप करून घेतस. तलाठ्यापासून पतपेढीपर्यंत सगळ्यांका कळता.

गुहागरची सून
रकाना चांगला शब्द आहे, पण इथे चुकीचं चित्र उभं राहतं असं मला वाटतं. रकाना म्हटलं की जागा ठरलेली, रिकामा असला तरी कागदावर असतोच. कोबोलच्या कॉपीबुकला, सीच्या स्ट्रक्चरला, टक्सीडोच्याच व्ह्यू बफरला रकाना एकदम फिट, कारण तिथे अमुक बाइटपासून तमुक बाइटपर्यंत नाव हे आधीच ठरलेलं असतं. एफएमएलमध्ये तसं काहीच नाही. फील्ड असेल तर असेल, नसेल तर बफरमध्ये त्याची जागासुद्धा नाही, आणि तुम्ही ज्या क्रमाने टाकलं त्या क्रमाने ते राहतही नाही, आयडीच्या, म्हणजे ओळख क्रमांकाच्या, क्रमाने लागतं. एकच फील्ड पाच वेळासुद्धा येतं. असा रकाना कुठल्या फॉर्मवर बघितलाय का तुम्ही?
मी 'बाब' म्हणेन. प्रत्येक बाब आपली ओळख स्वतःबरोबर घेऊन फिरते.

हापूसवाला
जुन्या जमाखर्चात यालाच 'कलम' म्हणायचे, कलमवार हिशेब वगैरे. अर्थाने एकदम चपखल आहे. फक्त मी देवगडचा, माझ्या टीममध्ये कोणी 'बफरमध्ये दोनशे कलमं आहेत' म्हणालं तर पुढचा प्रश्न मोहोर कसा आहे हाच येणार 😄 तेव्हा कलम बाद. बाब चालेल.
पण ताई 'ओळख घेऊन फिरते' यात पोरांची एक गफलत होईल ती आधीच सांगून टाका. नाव फिरत नाही. फिरतो तो फक्त आकडा. नाव दोन्ही बाजूंच्या फील्ड टेबलात (फील्डचं नाव, नंबर, प्रकार लिहिलेल्या यादीत) बसलेलं असतं, सीच्या बाजूला एमकेफील्डएचडीआर३२ चालवून हेडर बनवायचं आणि जावाच्या बाजूला एमकेफील्डक्लास३२ चालवून क्लास, आणि दोन्ही एकाच टेबलावरून बनले नसतील तर कंपाइल सगळं सुरळीत होतं पण समोरचा भलतंच वाचतो. टेबलात वर 'बेस ५००' अशी ओळ असते, तिच्याखाली लिहिलेला १ म्हणजे खरा ५०१. कोणीतरी टेबल कॉपी करताना ती बेसची ओळ सोडली की झालं, सगळे नंबर सरकले.

गुहागरची सून
अगदी. आणि त्या आकड्यात नुसता नंबर नसतो, प्रकारसुद्धा असतो. एफएमएल३२ मध्ये खालचे २५ बिट नंबरचे, प्रकार त्याच्या वर. स्ट्रिंगचा (अक्षरांचा) कोड ५, म्हणून ५ गुणिले ३३५५४४३२ (२ चा २५ वा घात) अधिक ५०१, म्हणजे ५०१ नंबरचं स्ट्रिंग फील्ड लॉगमध्ये १६७७७२६६१ असं दिसतं. उद्या कोणाला वाटलं की खाते क्रमांक स्ट्रिंग नको, लाँग (पूर्णांक) करू, तर लाँगचा कोड १, आयडी होतो ३३५५४९३३. नाव तेच, नंबर तोच, आणि ज्याने आपलं टेबल बदललं नाही तो बसतो 'फील्ड नॉट प्रेझेंट' बघत. खाते क्रमांक तर पाठवलाय, लॉगमध्ये दिसतोय डोळ्यांना, तरी नाही म्हणतोय! नवीन माणूस यात आख्खा दिवस घालवतो. नोट्समध्ये शब्दापेक्षा ही एक बेरीज करून दाखवा, जास्त उपयोग होईल.

कुडाळकर
बेरीज घातली, धन्यवाद ताई. आता ते 'पाच वेळा येतं' त्याचं काय, ऑकरन्स? हे आम्हाला फारच लागतं कारण कोकणातला सातबारा, एका हिश्श्याला वीस-पंचवीस सहहिस्सेदार, निम्मे मुंबईत. खातेदाराचं नाव हे एक फील्ड तितक्या वेळा, आणि हिस्सा हे दुसरं फील्ड तितक्या वेळा.

हापूसवाला
'आवृत्ती' लिहू नका, ते व्हर्जनला गेलं. 'खेप' कसं वाटतं? नावाची तिसरी खेप.
बाकी नाव आणि हिस्सा असे शेजारी शेजारी चालवताय ते मला काही पटत नाही दादा. मधला एक खातेदार वारला, फेरफार झाला, कोणीतरी नावाची ती खेप उडवली की पुढच्या सगळ्या एकेक घर खाली सरकतात, पण हिश्श्याच्या जागच्या जागी राहतात. मग चुलत्याचा हिस्सा पुतण्याच्या नावावर! कोर्टात आधीच काय कमी दावे आहेत आपल्याकडे. एफएमएल३२ मध्ये बफरच्या आत बफर घालता येतो, प्रत्येक खातेदाराचा एक छोटा बफर करा, त्यात त्याचं नाव नि त्याचा हिस्सा. उडवायचा तर आख्खा माणूस उडवा.

खाडीकाठ
माणूस उडवा खय म्हणतस रे, बँकेचा काम असा 😂
खेप बरो शब्द. पण मोजणी शून्यापासून ना? 'शून्यावी खेप' कोण म्हणतलो?

कुडाळकर
नाहीच म्हणणार कोणी. ठरलं मग, ठरलेल्या जागेचं ते रकाना, एफएमएलचं ते बाब, आणि ऑकरन्सला ऑकरन्सच ठेवतो, पोरं लॉगमध्ये तेच वाचणार आहेत. बफरच्या आत बफरचं वेबलॉजिकच्या बाजूने सोमवारी करून बघतो, नाव-हिस्सा वेगळे ठेवणं मलाही खटकतच होतं.