मदत हवी आहे: रिक्स मापनात रेषा 26 ऐवजी 38 मिलीइलेक्ट्रॉनव्होल्ट रुंद का येते?

नमस्कार मंडळी. स्ट्रॉन्शियम इरिडेटवर (Sr₂IrO₄ नव्हे, त्याच्याच दोन थरांच्या भावावर) इरिडियमच्या एल-3 कडेला, म्हणजे त्याचे आतले इलेक्ट्रॉन उठवणाऱ्या 11.215 किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेला, रिक्स करतोय (RIXS: नमुन्यावरून विखुरलेल्या क्ष-किरणांनी किती ऊर्जा गमावली ते मोजणं). विखुरलेल्या किरणांतून ठरावीक ऊर्जा निवडायला सिलिकॉनचा (844 प्रतलं) अ‍ॅनालायझर आहे: वक्र पायावर स्फटिकाचे छोटे चौकोनी तुकडे, म्हणजे फासे, चिकटवलेला, गोलाकार, त्रिज्या 2 मीटर, ब्रॅग कोन (किरण परावर्तित होण्याचा कोन) साधारण 85.7 अंश.

रुंदीचा हिशेब असा (सगळं मिलीइलेक्ट्रॉनव्होल्टमध्ये): येणाऱ्या किरणांची ऊर्जा निवडणारा मोनोक्रोमेटर 18, अ‍ॅनालायझर स्वतः 15, डिटेक्टरचा 55 मायक्रॉनचा पिक्सेल 12. वर्ग करून बेरीज, वर्गमूळ, उत्तर 26. पण नमुन्याऐवजी चिकटपट्टी ठेवून घेतलेली लवचिक रेषा (ऊर्जा न गमावता विखुरलेल्या किरणांचं शिखर) 38 भरते. म्हणजे आणखी 27 कुठून तरी येताहेत, आणि तेवढ्यात माझा कमी ऊर्जेचा मॅग्नॉन (चुंबकीय लहरीचं शिखर) लवचिक रेषेच्या पायथ्याशी बुडतो. फार जीव लावलाय या नमुन्यावर.

पहिला संशय तापमानावर. सिलिकॉन अंशाला दशलक्षात 2.6 भाग प्रसरण पावतो, म्हणजे इथे अंशामागे 29 मिलीइलेक्ट्रॉनव्होल्ट! पण दहा-दहा मिनिटांचे तुकडे वेगळे पाहिले तर शिखर जागचं हलत नाही, प्रत्येक तुकडा तितकाच जाड. अ‍ॅनालायझरच्या कडा झाकल्यावर 33 झालं, पण सिग्नल निम्म्यावर आला.

मग फाशांमधला ताण की त्यांचं तिरकं बसणं? दोन्ही वेगळे कसे ओळखायचे? झाकण (मास्क) सरकवत अ‍ॅनालायझरची एकेक पट्टी तपासलीय का कुणी? बीमटाइमच्या (क्ष-किरण केंद्रावर मिळालेल्या वेळेच्या) तीनच पाळ्या उरल्यात, त्यामुळे आधी काय करू ते जरूर सांगा.