एमपीएचसाठी (सार्वजनिक आरोग्यातली मास्टर्स पदवी) लंडनलाच जायला हवं का?
सावंतवाडीच्या एका ताईंनी विचारलंय, बीडीएसनंतर (दंतवैद्यकाच्या पदवीनंतर) ग्लोबल हेल्थमधे एमपीएच करायचं तर लंडनच का? अहो, ग्लोबल हेल्थ तुमच्या दारात आहे की! दोडामार्गात काजूच्या बागेत राबणाऱ्यांना गोचीड चावून माकडताप होतो, तोच क्यासानूर फॉरेस्ट डिसीज, १९५७ साली शिमोग्याकडे सापडलेला, आणि भातलावणीला लेप्टो (उंदरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून होणारा ताप) असतोच, तो टाळायला डॉक्सीच्या (डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकच्या) गोळ्या वाटतात पण खरंच किती जण गिळतात आणि किती जणांच्या फळीवर पडून राहतात, हाच प्रबंधाचा विषय होईल तुमचा. आधी इथे फील्डवर काम करा, लंडनला जायचंच असेल तर ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग स्कॉलरशिपला दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतोच. कोर्स संपल्यावर दोन वर्षं मायदेशी परतायची तिची अटपण आहे, घरच्यांना बरंच वाटेल ते. फीसाठी कलमांची बाग मात्र गहाण टाकू नका हां.