मदत हवी आहे: ‘मग येऊरची माकडं अजून माकडंच कशी?’

नमस्कार मंडळी. ठाण्यात आमच्या सोसायटीत मुलांसाठी छोटं विज्ञान प्रदर्शन आहे आणि उत्क्रांतीचा तक्ता माझ्या गळ्यात पडलाय. बाजारात तोच तो मिळतो: वाकलेलं माकड, मग जरा ताठ, शेवटी भालावाला माणूस. तो मला लावायचाच नाही, सगळा घोळ त्यानेच होतो. तळमजल्यावरचे काका आत्ताच विचारून गेले, "माकडाचा माणूस झाला, मग येऊरच्या जंगलातली माकडं अजून माकडंच कशी?"

त्यांना सांगितलं, चिंपांझी आपला आजोबा नाही, चुलतभाऊ. दोघांचा सामाईक पूर्वज साधारण ६०-७० लाख वर्षांपूर्वीचा. येऊरच्या माकडांची शाखा त्याच्या कितीतरी आधी, अडीच-तीन कोटी वर्षांपूर्वीच वेगळी झाली. आणि चिंपांझीला गोरिलापेक्षा आपण जवळचे! काका "बरं" म्हणाले, पण पटलेलं दिसलं नाही.

तर फांद्या फुटलेल्या झाडासारखा मराठी तक्ता कुणाकडे आहे का? चौथी-पाचवीची पोरं आहेत, इंग्रजी नको. निअँडरथलचंही (नामशेष झालेली मानवाची दुसरी शाखा) अडलंय. आपल्यात त्यांचा १-२ टक्के डीएनए आहे, म्हणजे वेगळ्या झालेल्या फांद्या पुन्हा जुळल्या. हे चित्रात कसं दाखवायचं? कवटीच्या प्रतिकृती ठाणे-नवी मुंबईत कुठे भाड्याने मिळत असतील तर तेही कळवा.