"आमचा टेलर झोपेत शिवेल" म्हणणाऱ्या सूइंग बी समीक्षकांसाठी

बॉबिनवाली:
काल एका ग्रुपवर एका गृहस्थांची पोस्ट वाचली, तेव्हापासून डोकं सटकलंय. विषय बीबीसीचा ग्रेट ब्रिटिश सूइंग बी, म्हणजे हौशी लोकांची शिवणाची टीव्ही स्पर्धा. म्हणणं असं की साधा शर्ट शिवायला या लोकांना तासन् तास लागतात, वर रडतात काय, मिठ्या मारतात काय, आमच्या कोपऱ्यावरचा टेलर झोपेत शिवेल, गोऱ्यांना कशाचंही कौतुक. खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. तिथे वाद घातला की ॲडमिन चहाचे फोटो टाकायला लागतो, म्हणून इथे लिहितेय.

तर कोपऱ्यावरचा टेलर. तो शर्ट एकटा शिवतो का हो? मास्तर बेततो आणि कापतो, कारागीर मशीनवर जोडतो, काज-बटणाला शर्ट दुसऱ्याच दुकानात जातो. ब्लाऊज असेल तर हूक आणि हातशिलाई मागच्या गल्लीतल्या कुणा बाईकडे, नगावर. ज्याचा त्याचा हात त्या एकाच कामावर वर्षानुवर्षं बसलेला. सूइंग बीमधे माणसाच्या हातात आयुष्यात न बघितलेला पॅटर्न देतात आणि म्हणतात कापड तूच निवड, तूच काप, तूच शिव, काजं तूच कर, इस्त्री पण तूच मार, आणि घड्याळ चालू. आणि तो माणूस पेशाने टेलर नाहीच. २०२० ची विजेती डॉक्टर, २०२१ ची मेडिकलची विद्यार्थिनी, २०२३ ची तर ब्रेस्ट सर्जन. २०१३ ला पहिल्या सीझनमधे ऐंशी ओलांडलेल्या आजी जिंकल्या. बक्षिसाला रोख रक्कम नाही, एक ट्रॉफी घेऊन घरी जायचं.

ज्यांनी कधी सुईत दोरा ओवला नाही त्यांनी एकदा शर्टाची बाही मुंढ्याला, म्हणजे काखेभोवतीच्या गोलाला, लावून बघावी. बाहीचा वरचा गोल मुंढ्यापेक्षा मुद्दाम थोडा मोठा कापलेला असतो, ते जास्तीचं कापड दोन धावदोरे घालून, ओढून, बोटांनी सारखं करत बसवायचं, आणि बाहेरून एक चुणी दिसता कामा नये. बसली नाही की उसवा. उसवलं की कापड अजून ताणलं. मग झोपेतल्या गोष्टी करा.

खडूस_पुणेकर:
ते गृहस्थ मी नाही, पण मी पण हसरा चेहरा टाकला असता. ताई, तुम्ही बाहीवर निबंध लिहिलात, मुद्दा राहिला बाजूला. मुद्दा असा की हा टीव्ही आहे. स्पर्धेतून बाहेर जाणारा माणूस ठरला की मागे पियानो, मग मिठ्या. बेक ऑफ हा केकच्या स्पर्धेचा शो ज्या कंपनीने काढला तिनेच हा काढला, केकच्या जागी कापड ठेवलं एवढंच.

बॉबिनवाली:
मग बघू नका.

खडूस_पुणेकर:
बायको बघते. घरात टीव्ही एकच आहे.

उरेबी:
नाशिकला शिवण क्लास चालवते म्हणून लिहायचा हक्क आहे असं समजते. बॉबिनवाली, बाहीचं अगदी बरोबर. पण मला या शोचा राग वेगळ्या कारणाने येतो, घड्याळाचा. सॅटिनचा उरेब, म्हणजे तिरका कापलेला ड्रेस जोडून झाला की निदान एक रात्र टांगून ठेवायचा असतो. उरेब कापड स्वतःच्या वजनाने खाली उतरतं, एका बाजूला अर्धा इंच, दुसरीकडे जास्त. ते उतरून घेतलं की मग घेर सारखा कापायचा आणि दुमडायचा. माझ्या मुलींना मी त्याआधी कात्री लावू देत नाही. इथे काय, शिवलं, लगेच दुमडलं, मॉडेलच्या अंगावर चढवलं, आणि मग जज येऊन म्हणतात घेर वरखाली झालाय. होणारच ना! तुम्हीच वेळ दिला नाही. जज एस्मे यंग स्वतः लंडनच्या सेंट्रल सेंट मार्टिन्स कॉलेजात शिकवते, तिला हे माहीत नसेल? दुसरा जज पॅट्रिक ग्रँट सॅव्हिल रोवरचा, म्हणजे लंडनच्या सूट शिवणाऱ्यांच्या गल्लीतला माणूस, तिथे एका सुटाची फिटिंगं आठवडेच्या आठवडे चालतात. या दोघांनी स्पर्धकाला घाईवरून बोलावं याची गंमत वाटते.

आणि तो नव्वद मिनिटांचा ट्रान्सफॉर्मेशन राऊंड. जुने शर्ट नि पडदे फाडून काहीतरी अंगावर लटकवायचं. शिवण नाहीच ते.

कोकणकन्या_डोंबिवली:
मला तोच राऊंड आवडतो! माझी आज्जी जुन्या लुगड्यांची गोधडी शिवायची, तेव्हा कुणी त्याला ट्रान्सफॉर्मेशन म्हटलं नाही, टाळ्या वाजवल्या नाहीत.

खडूस_पुणेकर:
आली, गोधडी आली. इतका वेळ कशी आली नव्हती याचीच काळजी लागली होती.

मास्तरांचा_मुलगा:
मी एरवी लिहीत नाही, पण वरचं "नगावर" वाचलं आणि राहवलं नाही. माझे वडील मास्तर होते, सोलापूरला दुकान होतं. आम्ही शिंपी, नामदेव महाराजांची जात सांगायला लाजत नाही. ताई, तुम्ही एका वाक्यात मास्तर, कारागीर, काजवाला, हातशिलाईवाली बाई सगळं सांगून टाकलंत आणि वर म्हणालात म्हणून त्यांचं सोपं. सोपं? रात्री उशिरापर्यंत पिवळ्या बल्बखाली काळ्या कापडावर काळा दोरा घालून दाखवा एकदा. दिवाळीच्या आधी वडील जेवायला घरी यायचे नाहीत, डबा दुकानात जायचा आणि तसाच परत यायचा. शेवटी शेवटी सुईत दोरा मी ओवून द्यायचो कारण दिसायचं नाही. सर्जनबाई शिवतात तर कौतुक, कारण त्यांना गरज नाही. ज्याला गरज आहे त्याच्याशी तुम्ही वीस रुपयांवरून घासाघीस करता. मला त्या पोस्टवाल्या माणसाचा राग आला नाही, निदान त्याने टेलरला भारी म्हटलं.

बॉबिनवाली:
दादा, मी सोपं म्हटलंच नाही. कामाची वाटणी वेगळी आहे म्हणून वेळेची तुलना चुकीची, एवढंच म्हटलंय. वाचा परत.

मास्तरांचा_मुलगा:
वाचलं. "हात बसलेला" म्हणजे काय मग.

पैठणी_प्रेमी:
घासाघीस? माझं ऐका मग. मागच्या वर्षी भाचीच्या लग्नाला ब्लाऊज टाकला, नाव घेत नाही, आमच्याच भागातलं दुकान. अस्तर भिजवून वाळवून नेलं, मापाचा ब्लाऊज नेला, सगळं वहीत लिहून घेतलं. मंगळवारी या. मंगळवारी गेले तर कारागीर गावी गेलाय. शुक्रवारी गेले तर कापडच कापलेलं नाही. लग्नाच्या आदल्या रात्री हातात पडला, मुंढ्यात इतका घट्ट की मी सगळ्या फोटोंत हात खाली धरून उभी. आणि मार्जिन? आत मार्जिनच ठेवलेलं नाही, म्हणजे उसवून सैल करायची सोय पण गेली. वर शिलाई नऊशे रुपये. त्यापेक्षा ती सर्जनबाई परवडली, तिला निदान वेळेत संपवायला लागतं.

कोकणकन्या_डोंबिवली:
मार्जिन न ठेवणाऱ्या टेलरला माफी नाही.

सातारी_तडका:
"मंगळवारी या" हे टेलर जन्मतःच शिकून येतात 😂 आमचा म्हणायचा "फक्त काज-बटण राहिलंय". कापड बघितलं तर गाठोड्यात तसंच.

मास्तरांचा_मुलगा:
हसा. तारीख का चुकते माहितीये? कारण गिऱ्हाईक लग्नाच्या आठवडाभर आधी येतं आणि नाही म्हटलं की दुसऱ्याकडे जातं, म्हणून हो म्हणावं लागतं. सगळ्यांना हो म्हणायचं आणि कारागीर दोन. रेडिमेड आल्यापासून रोजचं काम गेलं, उरले सण आणि लग्न, सगळे एकाच वेळी. आणि ताई, तुमचे नऊशे कुणाला जास्त वाटतात? अस्तर लावलेला, मागे गोंडे, पाइपिंग, असा ब्लाऊज ना? हॉटेलात चार जण जेवायला गेलात तर किती बिल होतं, तिथे म्हणता का कमी करा?

पैठणी_प्रेमी:
हॉटेलवाला मला अर्धं शिजलेलं देऊन "सवय होईल" म्हणत नाही!

मास्तरांचा_मुलगा:
कुणी म्हटलं "सवय होईल"?

पैठणी_प्रेमी:
त्या माणसाने म्हटलं. माझ्या तोंडावर. तुमच्या वडिलांना बोलत नाहीये मी, उगाच अंगावर घेऊ नका.

मास्तरांचा_मुलगा:
अंगावर घेतोय कारण सगळे असंच बोलतात. दुकान बंद केलं त्यांनी, त्याची कारणं विचारायला कुणी आलं नाही. मशीन अजून घरी आहे, विकू देत नाहीत.

लेस्टरची_वहिनी:
इथे यूकेमधे राहते. दोन्ही बाजूंना थोडं थोडं सांगते. इथे सूइंग बी लागला की ऑफिसमधे दुसऱ्या दिवशी चर्चा, मशीन घेणाऱ्या मैत्रिणी मी बघितल्यात, एक तर कपडे विकत घ्यायचंच बंद करून बसलीये. छानच आहे. पण आमच्याच लेस्टरमधे कपड्यांचे कारखाने आहेत, तिथे शिवणाऱ्यांना किमान वेतनापेक्षा कितीतरी कमी पैसे मिळतात यावरून २०२० मधे केवढा गदारोळ झाला होता, पेपर भरले होते. त्या शिवणाऱ्यांत आपल्याकडच्या बायका पण भरपूर. म्हणजे शिवणारा टीव्हीवर असला की टाळ्या, शेडमधे असला की ही तऱ्हा. हे भारतातच आहे असं समजू नका.

मास्तरांचा_मुलगा:
वहिनी, हेच म्हणत होतो मी. धन्यवाद.

बॉबिनवाली:
पण त्यात शोचा काय दोष? उलट त्याच पॅट्रिक ग्रँटने २०१६ ला कम्युनिटी क्लोदिंग काढलं, ब्रिटनमधल्याच कारखान्यांत कपडे शिवून घेतो, तिथलं काम टिकावं म्हणून. स्वस्त कपड्यांच्या ढिगाविरुद्ध सारखा बोलत असतो.

खडूस_पुणेकर:
बोलायला काय जातं, मिश्या छान आहेत.

कोकणकन्या_डोंबिवली:
मिश्यांवर बोलायचं नाही. मी शो त्यासाठीच बघते.

सातारी_तडका:
मला एक कळत नाही, यात पुरुष शिवतात याचं कुणालाच काही वाटत नाही? २०१५ ला एक आर्मीतला मेजर फायनलला होता, जिंकला पण पुरुषच. आमच्या शाळेत कार्यानुभवाच्या तासाला मुलींना शिवण आणि मुलांना मैदान झाडायला. मला शिवण हवं होतं. बाई म्हणाल्या तू काय परकर शिवणार आहेस का. आज पँटची शिवण उसवली की बायकोकडे बघतो आणि ती माझ्याकडे.

मास्तरांचा_मुलगा:
आमच्या दुकानात सगळे पुरुषच होते. शिवण बायकांचं आहे हे शाळेत गेल्यावर कळलं.

उरेबी:
माझ्या क्लासला गेल्या वर्षी पहिल्यांदा दोन मुलं आली. एकाची टीप सगळ्यांत सरळ. दुसऱ्याचं विचारू नका.

नाव_सुचत_नाही:
सगळं ठीक पण खिशांवर कोणीच बोलत नाहीये. सूइंग बीमधे बायका ड्रेसला खिसा लावतात आणि हात घालून दाखवतात तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी येतं. आपल्याकडे कुर्त्याला खिसा सांगितला की टेलर असा बघतो जणू किडनी मागितली.

पैठणी_प्रेमी:
खिसा! साडीच्या परकराला चेनवाला खिसा शिवून घेतलाय मी, लग्नात मोबाईल, चाव्या, आहेराची पाकिटं सगळं त्यात.

नाव_सुचत_नाही:
कोणी शिवला?

पैठणी_प्रेमी:
त्याच दुकानाने 😐 खिसा चांगला लावला, तेवढं म्हणावं लागेल.

मास्तरांचा_मुलगा:
नऊशेत खिसा पण?

पैठणी_प्रेमी:
परकराचे वेगळे घेतले हो. आणि ठीक आहे, लग्नसराईत मी पण उशिरा गेले असेन. पण मार्जिनचं मी सोडणार नाही.

मास्तरांचा_मुलगा:
मार्जिन ठेवायलाच हवं. वडील मुंढ्याला आणि बाजूला दीड इंच ठेवायचे, म्हणायचे बाई जाड होणारच आहे. हे त्यांचं वाक्य, माझं नाही, लगेच भांडायला येऊ नका.

कोकणकन्या_डोंबिवली:
आलोच आहोत.

खडूस_पुणेकर:
चला, मी मान्य करतो की टेलर झोपेत शर्ट शिवत नाही, तो झोपेत फक्त तारीख देतो. आता तरी सांगा, घड्याळ काढलं तर तो शो बघायचा कोणी? रात्रभर टांगलेला सॅटिनचा ड्रेस दाखवणार का? उरेबीताईंचा मुद्दा बरोबर आहे, पण बघणार कोण.

उरेबी:
मी बघेन. जजने घेराला नावं ठेवण्याआधी ड्रेस किती वेळ टांगला होता तेवढं खाली लिहून दाखवा, माझं भांडण संपलं. बॉबिनवाली, शोने शिवणाची हौस लावली हे तुमचं म्हणणं खोडत नाही, माझ्याकडे पण दोघी हा शो बघूनच आल्या. आल्या आल्या गाऊन शिवायचा म्हणाल्या. आधी पिशवी शिवायला लावली, चिडल्या.

बॉबिनवाली:
एवढं मान्य केलंत ते खूप झालं. मास्तरांचा मुलगा, "हात बसलेला" मी कौतुकाने लिहिलं होतं, तुम्हाला पटो न पटो.

मास्तरांचा_मुलगा:
बरं.

नाव_सुचत_नाही:
आणि माझा खिसा??

उरेबी:
कापड देतानाच सांगायचा, ट्रायलला नाही. बाजूच्या शिवणीत बसतो तो, एकदा बाजू जोडली की उसवावी लागते. हाताच्या पंज्यापेक्षा थोडा मोठा कापायला सांगा आणि खिशाचं कापड कॉटनचंच घ्या, सॅटिनमधून मोबाईल घसरतो. आणि लग्नाच्या आठवडाभर आधी जाऊ नका.