सॅम्युअल कोर्टोल्ड म्हणजे नक्की कोण? रेयॉनवाला की पेंटिंगवाला?

रंकाळाकर: आमचं इचलकरंजीत लूमचं काम हाय, रेयॉनचा इतिहास बघताना हे नाव आलं आणि पुढं लंडनच्या आर्ट गॅलरीलापण तेच नाव. माणूस एकच का?

आर्टवाला_कोपु: एकच भावा. पण घराण्यात सॅम्युअल दोन, त्यामुळं घोळ होतो. पहिला १७९३ चा, त्यानं क्रेप नावाचं काळं रेशमी कापड विकून पैसा केला, व्हिक्टोरियाच्या काळात सुतकात बायका तेच घालायच्या. तुझा म्हणजे त्याच्या भावाचा नातू, १८७६ चा. मूळ घराणं फ्रान्समधनं पळून आलेल्या प्रोटेस्टंटांचं, लंडनला चांदीकाम करायचे.

सूतगिरणी: धंद्याचं सांगतो. घराण्याच्या कंपनीनं १९०४ ला व्हिस्कोसचे ब्रिटनचे हक्क घेतले, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासनं बनणारा रेयॉनचा धागा, आणि तिथनं गाडी सुसाट. हा दुसरा सॅम्युअल १९२१ ला चेअरमन झाला, १९४६ पर्यंत होता.

आर्टवाला_कोपु: आणि त्याच पैशातनं सेझान, माने, व्हॅन गॉग या चित्रकारांची चित्रं! व्हॅन गॉगचं कान कापल्यावरचं ते पट्टीवालं सेल्फ पोर्ट्रेट त्यानंच घेतलेलं. १९२३ ला लंडनच्या टेट गॅलरीला अशी चित्रं घ्यायला ५०,००० पौंड दिले, तेव्हा इंग्रज लोक या चित्रांना नाकं मुरडत होते. १९३२ ला कोर्टोल्ड इन्स्टिट्यूट काढली, कलेचा इतिहास शिकवणारी. मला तर हाच भाग भारी वाटतो, रेयॉन काय कुणीपण विकलं असतं.

सूतगिरणी: कुणीपण?? विकून दाखव की मग 😄

रंकाळाकर: भांडू नका, कळलं. थँक्यू दोघांना.