मदत हवी आहे: 14 फेब्रुवारी म्हणजे ‘तुमचाच सण’ म्हणणाऱ्यांना काय सांगायचं?

नमस्कार मंडळी, मी गोराईची, ईस्ट इंडियन (म्हणजे इथलेच, मुंबईकडचे मूळ ख्रिस्ती) कॅथलिक, वय 33, लग्न झालेलं नाही. दरवर्षी फेब्रुवारी आला की अंधेरीच्या ऑफिसात सुरू, अगं हा तर तुमचाच सण, आणि तूच एकटी? आता यांना कोण सांगणार की 1969 मध्येच चर्चने संत व्हॅलेंटाइनचं नाव सर्वसाधारण कॅलेंडरमधून काढलं, त्या दिवशी आता संत सिरिल आणि मेथोडियस यांचा सण असतो. 2024 ला तर 14 तारखेलाच राखेचा बुधवार, म्हणजे आमच्या ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, आला होता, मी सकाळची मिस्सा (चर्चमधली प्रार्थना) करून कपाळावर राख घेऊन ऑफिसला गेले, उपवास, एकच वेळ जेवण, तर शेजारची टिश्यू पुढे करत म्हणते काहीतरी लागलंय बघ, आणि दुसऱ्या हातात तिचा हार्टवाला केक! हसावं की रडावं तेच कळेना.

घरी वेगळंच. मावशी जेट्टीवर भेटली तरी विचारते, उंबराचं पाणी (आमच्यातला लग्नाआधीचा विधी) कधी आणायचं गं? बोट सुटेपर्यंत सोडत नाही.

मला लग्न नकोच असं नाही हो, पण घाईही नाही. तर विचारायचं होतं, बोरिवली-मालाड बाजूला तिशीच्या पुढच्या सिंगल लोकांचा एखादा प्रार्थनेचा किंवा नुसता गप्पांचा ग्रुप आहे का कुठल्या पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चमध्ये? बायोडाटा मागणारा नको प्लीज. आणि त्या संध्याकाळी तुम्ही एकटे असलात तर काय करता, खरं खरं सांगा.